एक चूल, दोन माग

परशराम : एकोणतीसशे लुगडी, मावशी. दोनदा बेरीज केली.

दुर्गाबाई : एवढी लुगडी आमच्या गल्लीत आली कुठनं? माझ्या घरात नेसायला दोन हायत.

परशराम : लुगडी नव्हेत, देणं. गल्लीतल्या चाळीस मागांचं देणं लुगड्याच्या भावानं मोजलंय. रुपयांत सांगितलं की तुम्ही सगळ्या भांडता.

दुर्गाबाई : आन वर्सात आमी विणतो किती?

परशराम : एका मागामागं साठ, म्हणजे चोवीसशे. वर्षभर उपाशी राहून सगळं विणलेलं देऊन टाकलं, तरी पाचशेचं देणं उरतं. आमच्या शेटजींना सूत देणारी मुंबईची साहेबाची कंपनी म्हणते, वर्षाच्या विणण्यापेक्षा देणं जास्त, तिथं उधार बंद.

दुर्गाबाई : दरबारानं काढलं असंल कर्ज. आमाला का धरतोस?

परशराम : दरबाराचं कुणी विचारत नाही. रयतेनं खाजगीत घेतलेलं विचारतात. शहापूर पडलं सांगली संस्थानात, शेटजींचं दुकान बेळगावात इंग्रजी हद्दीत. तिथल्या कोर्टाचा हुकूम इथं बजावायचा तर वर्ष जातं. म्हणून साहेब तुम्हांला परदेश धरतो.

दुर्गाबाई : तुझ्या दुकानात जाऊन येस्तवर तव्यावरची भाकरी गार होत न्हाय. परदेश म्हणं! माझ्या भनीचा लेक कारकून काय झाला, मावशीला परदेशात घालून बसला.

परशराम : मावशी, चेष्टा नको. तुमच्या एकटीच्या नावावर शंभर आहेत.

दुर्गाबाई : हायतच. माझी तीस, शेजारच्या सिद्रामची सत्तर. त्यानं सूत उचललं तवा मी जामीन व्हते.

परशराम : थांबा. ती सत्तर यल्लव्वानंही सांगितली.

दुर्गाबाई : सांगणारच. नवऱ्याचं देणं हाय तिच्या.

परशराम : मग तुम्ही का सांगितलंत?

दुर्गाबाई : जामीन ऱ्हायलं म्हंजी देणं न्हवं व्हय? तू इचारलंस, किती देणं लागता. भरमूनं त्याच्या भावाचं धरलं असंल, रुक्माबाईनं जावयाचं. जा, इचारून ये.

(परशराम गल्लीभर फिरून येतो. सोबत यल्लव्वा.)

परशराम : सातशे दोनदा धरली होती. उरली बावीसशे. गल्लीला सूत मिळेल. अडलंय ते तुम्हां दोघींचं.

यल्लव्वा : आमीच का?

परशराम : कंपनीचा तोच नियम घराघराला आहे. सिद्रामची सत्तर कुणातरी एकीच्याच नावावर राहणार. तुझ्या नावावर ठेवली तर तुझा एक माग, वर्षाची साठ. तुला सूत नाही. मावशीच्या ठेवली तर त्यांची शंभर होतात. त्यांना नाही.

यल्लव्वा : माझ्याच ठेवा. आक्का, तुमी जामीन न्हवता म्हणा. कागुद कुठं हाय?

दुर्गाबाई : कागुद न्हवता म्हणून तर मी व्हते.

यल्लव्वा : ह्यांना मुंबईला जाऊन आठ म्हयनं झालं. एक कार्ड न्हाय, पैसा न्हाय. त्यांच्यापायी तुमचा माग का बंद पडावा?

दुर्गाबाई : आन सूत न्हाय मिळालं तर तू काय विणशील? वारा?

यल्लव्वा : तुमी काय विणशीला?

दुर्गाबाई : परशराम, घर कशावरनं मोजतोस रं?

परशराम : चुलीवरून. एक चूल, एक घर.

दुर्गाबाई : एका चुलीवर दोन माग असले तर?

परशराम : तर वर्षाची एकशेवीस. देणं शंभर. बसतं की! पण नुसतं कागदावर चालायचं नाही, मावशी. कंपनीचा माणूस घरात शिरून चूल बघतो.

यल्लव्वा : माझा माग तुमच्या घरात मावणार न्हाय, आक्का.

दुर्गाबाई : माग ऱ्हाऊ दे तुझ्यातच. चूल तेवढी मोडायची.

यल्लव्वा : आन हे आले तर? बायकोनं माघारी चूल मोडली म्हणतील.

दुर्गाबाई : म्हणू दे. म्हणून झाल्यावर जेवंल का न्हाय?

यल्लव्वा : लग्नात सासूनं घालून दिली व्हती ती चूल.

दुर्गाबाई : ठावं हाय. माती मीच कालवली व्हती.

परशराम : काय लिहू मग? दुपारच्या आत शेटजींच्या हातात द्यायचंय.

दुर्गाबाई : तिला इचार. मी तिच्यासाठी बोलायची न्हाय.

परशराम : यल्लव्वा?

यल्लव्वा : जातं जड हाय, आक्का. तुमच्यात न्यायला दोघींनी धरावं लागंल.