वीरभद्रअण्णांचा सत्कार

गंगव्वा : शाल कशाला म्हन्ते मी? तीन वर्सं ह्यो माणूस चार लोकांत बसला न्हाय, आन् तुम्ही त्याला स्टेजवर चढवून शाल पांघरताय!

यशराज : मावशी, कंपनीचा कार्यक्रम आहे, गुरुवारी. आम्हा मॅनेजर लोकांचं ट्रेनिंग चाललंय. माणसं कशी सांभाळायची, चांगला लीडर कसं व्हायचं, असलं. शेवटच्या दिवशी अण्णांचा सत्कार ठरलाय.

वीरभद्र : कशाबद्दल, सायेब? लोखंडाच्या तीनशे ओतीव नगांस्नी तडं पाडलं म्हणून?

यशराज : तसं नव्हे अण्णा. पुण्याच्या मोना मॅडम आल्यात शिकवायला. त्यांनी एकेकाला उभं केलं. हाताखालच्या माणसाची चूक कधी आपल्या अंगावर घेतलीय का, सांगा म्हणाल्या. मी तुमचं सांगितलं.

गंगव्वा : काय सांगितलंसा?

यशराज : हेच की... नग तडकले तेव्हा मी मालकांना म्हणालो, जबाबदारी माझी. आणि अण्णांना मानानं घरी जाऊ दिलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मालक म्हणाले, त्या म्हाताऱ्याला घेऊनच या. अण्णांनी नुसतं दोन शब्द बोलायचं.

वीरभद्र : बोलतो की. खरंच हाय ते. गंगव्वा, तू गप. ह्या सायबांनी मला एका शब्दानं दुखवलं न्हाय. मी राजीनामा लिवत व्हतो तवा पाठीवर हात ठिवून हुबं व्हते. दुसरा असता तर गेटवरनंच हाकलला असता.

यशराज : राहू दे अण्णा.

वीरभद्र : राहू दे कसं? लोखंडाचा रस नुस्ता डोळ्यानं बघून ताव सांगायचो मी. ताव मोजायचा मीटर आला तरी मालक म्हणायचं, आधी वीरभद्रला दाखवा. तीस वर्सं एक डाव चुकला न्हाय. आन् त्या दिवशी गार रस ओतला. मलाच कळलं न्हाय.

गंगव्वा : मिरजेला तीन डाव डोळं दाखवलं. डाक्टर म्हणतोय, ह्यास्नी सुईत दोरा ओवता येतोय, कशाला आणताय सारखं?

वीरभद्र : मग त्या दिवशी काय झालं डोळ्यास्नी? जेवताना बी त्योच इचार.

गंगव्वा : आन् जावयाचं सांगा की. आमच्या दानेश्वरीचा नवरा, बसवेश. ह्येनीच त्याला तुमच्या कंपनीत लावला. तितं लोक त्याला म्हणत्यात, आंधळ्याचा जावई आला. तवापासनं ह्यो माणूस जयसिंगपूरला लेकीच्या दारात गेला न्हाय. नातवाचं जावळ झालं, तरी न्हाय.

वीरभद्र : काय तोंड घेऊन जाऊ? असू दे. सायेब, बेस्तरवारी किती वाजता येऊ? सायबांनी मला पदरात घेतलं, असं सांगतो. बास न्हवं?

यशराज : नको.

वीरभद्र : का? कमी पडतंय?

यशराज : अण्णा, तुम्ही येऊ नका. मी... मी काय सांगाय आलतो आणि काय झालंय हे. अण्णा, तुमचा ताव चुकला नव्हता.

गंगव्वा : आं?

यशराज : त्या दिवशी रस ओतून तुमची पाळी सुटली, तुम्ही घरी गेलासा. ट्रक गेटवर उभा होता. मालकांचे फोनवर फोन. मी नग निवायच्या आधीच साचे फोडायला लावले.

वीरभद्र : किती तासांनी?

यशराज : दोन.

वीरभद्र : म्या किती सांगितलं व्हतं?

यशराज : सहा.

वीरभद्र : आतनं लाल असतील.

यशराज : लालच होते. वारा लागला आणि टणाटणा तडकाय लागले. फोडणारी दोघं कंत्राटी होती, ती गावाकडं निघून गेली. सकाळी तुम्ही आलासा आणि नग बघून तुम्हीच म्हणालासा, माझा डोळा चुकला. मी... गप बसलो. नुसतं गप बसायचं होतं, अण्णा. तेवढंच केलं मी.



गंगव्वा : मुडदा बशिवला तुझा! शिकाऊ म्हणून आलतास तवा ह्याच्या डब्यातली भाकरी खाल्लीस की रं. आन् गप बसलास? वर टाळ्या घेतल्यास?

यशराज : घेतल्या. सांगता सांगता मलाच खरं वाटाय लागलं, मावशी. लाज वाटती मला. हितं येताना बी वाटत होतं, अण्णा हो म्हणतील, निभावून जाईल. पण अण्णा माझेच आभार मानाय लागले...

वीरभद्र : म्हंजी रस गरम व्हता.

यशराज : चांगला गरम होता.

वीरभद्र : मला दिसला व्हता तसाच.

यशराज : तसाच. अण्णा, शिव्या द्या मला. मारा. पण असं बसू नका.

वीरभद्र : तुला काय शिव्या देऊ? तीन वर्सं माझ्या डोळ्यास्नीच देत बसलोय.

यशराज : गुरुवारी मालकांसमोर, मॅडमसमोर सगळं खरं सांगतो. मला प्लँट हेड करणार होते. जाऊ दे ते. नोकरी गेली तरी जाऊ दे.

वीरभद्र : बेस्तरवारचं तुजं तू बघ. तितल्या लोकांचं मला काय न्हाय. गाडी आणलीयास?

यशराज : बाहेर आहे.

वीरभद्र : चल जयसिंगपूरला. जावयाला सांग.

यशराज : आत्ता?

गंगव्वा : आत्ता न्हाय तर कवा? आज त्याची सुट्टी हाय, घरातच असंल. थांबा, मी लुगडं बदलून येते.

यशराज : अण्णा, बसवेश रोज सकाळी मला नमस्कार घालतो हो. कसं सांगू त्याला?

वीरभद्र : मला सांगितलंस तसंच. दोन तास, सहा तास, समदं. आन् लेकीला बी बोलवून घे, तिच्यासमोर सांग.

यशराज : तुम्ही असाल ना शेजारी?

वीरभद्र : मी गाडीतच बसतो. तू आधी आत जा. तुजं बोलून झालं की हाक मार, मग मी येतो.