दोनशे नऊ शनिवारांचे पाणी

नाव लीया इसाजी आपटेकर, वय २४ वर्षे, धंदा मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जलविभागात संशोधन सहायक, राहणार सिनेगॉगच्या मागे, पनवेल, जिल्हा कुलाबा. गुरुवार, दिनांक २४ जुलै १९५८ रोजी सकाळी दहा वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणी न बोलावता, सांगते की,

पुरातील मृत्यूच्या चौकशीत सोमवारी दिलेल्या माझ्या जबाबात चूक आहे. शनिवार, दिनांक १९ रोजी दुपारी तीनपर्यंत काशिराम माझ्याकडे आला नाही, असे मी सांगितले होते. तो आला होता. फौजदारसाहेबांनी आता विचारले, "बाई, घाबरून विसरलात असे लिहू का?" मी नको म्हणाले. मी विसरले नव्हते.

काशिराम हा खाडीकाठच्या कोळीवस्तीतला असून गाढी नदीच्या पुलाजवळची आमची मोजपट्टी वाचण्याच्या कामावर आहे. पाणी वाढले की त्याने मला कळवायचे, मी सहीची चिठ्ठी द्यायची आणि मग त्याने वस्तीतली घंटा वाजवायची, असा नियम आहे. नियम मीच केला. घंटा उगाच वाजली तर लोक पुढच्या वेळी ऐकणार नाहीत, असे मला वाटत होते.

माझे वडील इसाजी आपटेकर सरकारी ओव्हरसियर होते. अकरा वर्षांची होईपर्यंत मी त्यांच्याजवळच घरी शिकले. घड्याळ कळण्याआधी मला मोजपट्टी वाचता येत होती. सन १९४६ पासून दर पावसाळ्यात ते रोज पुलावर जाऊन पाण्याची उंची वहीत लिहीत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, असल्याने शनिवारी, शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी, लिहीत नाही. ते शनिवारीही पुलावर जात, पाहून येत आणि वहीत त्या दिवशी रेघ मारलेली असे. मागाहून आठवून लिहिणे त्यांना खोटेपणा वाटे.

माझा प्रबंध याच वहीवर आधारलेला आहे. पनवेल गावात पुराचे पाणी कुठवर चढते, हा त्याचा विषय. बारा पावसाळ्यांत दोनशे नऊ शनिवार रिकामे होते. मी शुक्रवार आणि रविवार यांच्या मधला आकडा काढून ते भरले. प्रबंधात तसे कुठेही म्हटलेले नाही. वडिलांनी तक्ता पाहून विचारले, "लीया, हे शनिवार कोणी लिहिले?" मी म्हणाले, "मधले काढलेत, बाबा." ते म्हणाले, "नदीला विचारून काढलेस का?" मी हसले. सन १९५४ मध्ये एका शनिवारी पाणी अकरा फुटांवर पाहिल्याचे त्यांनी त्याच संध्याकाळी घरी सांगितले होते. मी तेव्हा समोरच होते. तक्त्यात त्या दिवशी सात फूट आहे. पाणी नऊ फुटांच्या वर जात नाही, असा निष्कर्ष मी काढला.

मयत सखूबाई, वय अंदाजे साठ, दर शुक्रवारी सकाळी आमच्याकडे मासळी देई. गेल्या मार्गशीर्षात तिने घर नव्याने बांधायला घेतले. तिने मला विचारले, "बाय, तू पान्याचं शिकतेस ना? जोता किती उंच घेऊ?" मी पुलावरच्या नऊ फुटांच्या खुणेइतका घे म्हणून सांगितले. तिने तेवढाच घेतला.

दिनांक १९ रोजी अमावस्येनंतरचे उधाण होते आणि डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता. दुपारी बाराच्या सुमारास काशिराम भिजून आमच्या दारात आला. तो म्हणाला, "लीयाताय, पानी सात फुटांवर हाय आनी भरती अजून यायची हाय. चिठ्ठी द्या."

मी म्हणाले, "नऊच्या वर जात नाही. तीन वाजता परत पाहून ये."

तो म्हणाला, "आज तुमचा शनवार, लिवायचं नाय म्हनून काय? मी आंगठा देतो. तुमी नुस्तं हो म्हना."

मी म्हणाले, "शनिवारचा प्रश्न नाही. गरजच नाही."

तो हसून म्हणाला, "मंग सखूमावशी बोंबील उगाच आढ्याला टांगते हाय." आणि गेला.

जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायची आमच्यात मुभा आहे. हे वडिलांनी मला सातव्या वर्षी शिकवले. म्हणून शब्बाथमुळे चिठ्ठी दिली नाही, असे कोणी माझ्या बाजूने लिहू नये.

तीनच्या आधीच पाणी नऊ फुटांच्या वर गेले. काशिरामने चिठ्ठीशिवाय घंटा वाजवली. त्यामुळे वस्तीतली बाकी माणसे पुलावर पोचली. सखूबाई बोंबील वर चढवत घरातच राहिली आणि पाण्याच्या ओढीत पडून बुडाली. पाणी दहा फूट आठ इंचांवर थांबले. ते मी रविवारी तिच्या घराच्या भिंतीवरच्या डागावरून मोजले. डाग तिच्या चुलीच्या वर आहे.

सोमवारी मला विचारले गेले तेव्हा माझ्या पिशवीत व्याख्यातापदाच्या मुलाखतीचे पत्र होते. मुलाखत शनिवारी ठेवली होती. आम्हांला शनिवार चालत नाही, दुसरा दिवस द्यावा, असा अर्जही मी लिहून ठेवला होता. काशिराम आला नाही असे मी सांगितले, आणि त्यावरून त्याच्यावर हयगयीचा आरोप आहे. काल तो मला बाजारात भेटला. म्हणाला, "ताय, तुमी मोठ्या शिकलेल्या. तुमचंच खरं धरनार." तो रागावला नव्हता.

काशिरामने काही हयगय केलेली नाही. वडील ठाण्याबाहेर बसले आहेत. वही त्यांच्याजवळ आहे, हवी तर ठेवून घ्यावी.

हा मजकूर फौजदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच आणि तसेच लिहिले आहे. वाचून झाल्यावर मी आणखी एवढे लिहून घेण्यास सांगितले की, दुसऱ्या दिवसाचा अर्ज मी फाडला आहे. मुलाखतीला मी ठरल्या दिवशी जाईन आणि समितीपुढे दोनशे नऊ आकड्यांची यादी ठेवून, प्रबंध परत घेत असल्याचे तिथेच स्वतःच्या हाताने लिहून देईन. तो दिवस शनिवार, दिनांक २ ऑगस्ट १९५८.