समुद्रावरचं सामान

बनारसच्या रिझर्वेशनच्या रांगेत आपलं मराठी कुणाला कळणार, या भरवशावर रामघाटचे विश्वेश्वरशास्त्री आणि त्यांचा पुतण्या शार्दूल मोठमोठ्याने बोलत होते. मागे उभ्या असलेल्या इंदूला अक्षर न् अक्षर कळत होतं. तिने चेहरा तेवढा परका ठेवला.

"गोव्याला खुशाल जा. पण समुद्र ओलांडलास, तर पाठशाळेत शिकवायला परत येऊ नकोस."

"काका, जहाज नाही हो. पॅराग्लायडिंग. मोठ्या छत्रीला टांगून कड्यावरून उडवतात."

"खाली काय असतं?"

"समुद्र."

"झालं मग!"

"पण दहा मिनिटांत त्याच किनाऱ्यावर उतरवतात."

"पलीकडे नेत नाहीत?"

"पलीकडे आफ्रिका आहे, काका."

"मग ओलांडणं कसलं? हेलपाटा झाला तो."

"पंडितजी, आगे बढ़िए!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"बढ़ रहे हैं भैया, शास्त्र का मामला है. शार्दूल, तुला उडवता येतं ते?"

"छे! पहिल्यांदाच जातोय. पाठीशी पायलट बांधलेला असतो. सगळं तोच करतो."

"आणि तू?"

"मी लोंबकळतो."

"मग काय दोष लागायचा तो त्याला. तू नुसतं सामान. सामानाला प्रायश्चित्त नसतं."

"म्हणजे जाऊ ना?"

"थांब. सामान किती किलोपर्यंत चालतं?"

"नव्वद."

"मी अडुसष्ट भरतो. फॉर्मवर माझंही नाव लिही."

"काका!"

"आणि मला खालचा बर्थ माग. वरच्यावर भोवळ येते."