हळदीकुंकवाचा हातपंप

बस गं प्रीता, उभ्याउभ्या सांगायचं असतं तर तू फोनच केला असतास. बूट राहू देत, कार्पेट काही देवाचं नाही. हे पाणी घे. नको? बरं, इथे ठेवते, तहान लागली की घे. हं, आता परत सांग. म्हणजे सोमवारी माझ्या उद्यापनाला तू आणि श्रीरंग मेहूण म्हणून जेवायला येणार नाही, एवढंच ना? की आपल्या मराठी मंडळातलं कोणीच येणार नाही? — कोणीच नाही. असं. मग हे ‘मावशी, तुम्ही विचार करा’ कशाला, तुम्ही तर ठरवूनच मोकळे झालात. मीटिंग झाली का रीतसर? झूमवर? माझ्या सोळा सोमवारांवर झूम मीटिंग! शंकराला लिंक पाठवली होती का?

हसू नकोस, मी चिडलेय. चिडले की मला विनोद सुचतात, ह्यांना विचार — आत आहेत, सोमवारच्या चुरम्याचं पीठ चाळतायत. रिटायर झाल्यापासून आमच्याकडे चाळणीचं खातं मनोहररावांकडे असतं. ऐक, येतोय ना आवाज.

तर तो चर्चमधला व्हिडिओ, ज्याच्यावरून तुमचं हे सगळं चाललंय. पाहिला मी, सगळ्या ग्रुपांवर फिरून शेवटी माझ्याचकडे आला. छान दिसतेय मी त्यात, नारळी काठाची साडी. पण तू तिथे नव्हतीस, म्हणून नीट सांगते. आमच्या रस्त्याच्या टोकाला ते चर्च आहे ना, रुही जाते तिथे, ते लोक हैतीला बोअर खणून देतात, वर हातपंप बसवतात. तिथे लोक डबक्यातलं पितात गं, पोरं जुलाबाने जातात — आणि माझी मुलगी इंजिनिअर, इकडे गाड्यांचे पंप डिझाईन करायची, ती म्हणाली, आई, मी तिकडचे पंप बसवायला जाते. श्रावणात निघाली. तर पंप पेटीत भरायच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये मधोमध उभा केला होता, आणि सगळे त्याच्यावर हात ठेवून, डोळे मिटून प्रार्थना करत होते. मीही गेले होते. पिशवीत ओटीचं सामान — रुहीसाठी नेलेलं. कुमारिकेची ओटी भरत नाहीत म्हणशील, पण एवढ्या लांब, असल्या देशात निघालेली मुलगी, मी म्हटलं भरायची. तर ती, ‘आई, नॉट नाऊ, प्लीज.’ मैत्रिणींसमोर लाज वाटली असेल. मग काय करू? परत आणू घरी? सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, कोपऱ्यात लावलेला तो कॅमेरा तेवढा उघडा, मला काय माहीत — मी पुढे झाले आणि पंपाला हळदीकुंकू लावलं. दांड्यावर खण, पायाशी तांदूळ आणि नारळ. अगं, हात आपोआप गेला! श्रीरंगच्या नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं कोणी ठेवली होती? मीच ना? तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. मला त्या क्षणी एवढंच वाटलं, पाणी आणणारी ही पोर सासरी निघाली, तिला असं कोरडं कसं धाडायचं.

आणि चूक झाली म्हणतेस तर ती चर्चवाल्यांनाही वाटली, तू एकटी नाहीस! त्यांचे एक आजोबा आहेत, रविवारी टाय लावून येतात, ते कॉफीचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि फार गोड आवाजात म्हणाले, इट मेक्स सम ऑफ अस अनकम्फर्टेबल. मग हैतीत पहिली बोअर खणली, पाणी लागलं — खारं. समुद्राकाठचं गाव, लागतं खारं, रुहीने सांगितलं होतं आधीच. पण आजोबा म्हणाले, हळदीकुंकवाने झालं. आणि तुमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, चर्चच्या नादी लागल्याने झालं. वा! इतकी वर्षं मिशिगनमध्ये, ह्या ट्रॉयमध्ये राहतेय, मंडळाचं आणि चर्चचं एकमत झालेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही कशावर, तर माझ्यावर! मी रात्री देवाशी भांडले. म्हटलं, मी सोमवारचं मीठ सोडलं ते तू तिकडे विहिरीत नेऊन टाकलंस होय?

आता डोंगराच्या बाजूला दुसरी बोअर खणायचीय. मशीन वाटेत अडकलंय, रस्त्यावर बंदुका घेऊन टोळ्या बसल्यात, ट्रक सोडत नाहीत. रुहीचा फोन कधी लागतो, कधी नाही. आणि अशात तुम्ही मला अट घालता, की उद्यापनाचं दान मंदिरात द्या, पंपाला नको, तर येऊ. प्रीता, व्रतातला गाईचा भाग मी कुठे ठेवते माहितेय ना? मागच्या अंगणात. खारी खातात. मिशिगनच्या जाड्या खारी माझ्या व्रताचा चुरमा खातात, त्यावर मंडळाने कधी मीटिंग घेतली नाही. खारीला चालतं, आणि तहानलेल्या पोराला नाही? कुठल्या पोथीत आहे, दाखव, मी वाचते मोठ्याने.

काय म्हणालीस? हो, सगळ्यांना तेच वाटतंय, की हे सोमवार रुहीच्या लग्नासाठी. मी कोणाला म्हटलं नाही तसं, तुम्हीच धरून चाललात. ह्यांना वाटतं, ती सुखरूप परत यावी म्हणून. — नाही गं. संकल्प सोडताना हातात पाणी होतं आणि तोंडावर तेच आलं होतं, माझी मुलगी परत येऊ दे. पण आदल्या दिवशी ती सूटकेस भरताना म्हणाली होती, ‘आई, नवरा मी शोधेन माझा. तुझ्या देवाकडे मागायचंच असेल ना, तर वॉटर माग.’ मग मी पाणी मागितलं. गोडं पाणी. तिचं नाव नाही घेतलं. कसली आई म्हणशील... ती रस्त्यातल्या टोळ्यांच्या पलीकडे, आणि मी देवाला तिचं नावसुद्धा सांगितलं नाही. पण एकदा शब्द गेला. आता सोमवार मोडून चालेल? तूच सांग. नको, नको सांगूस.

हं? विचार ना, अडखळतेस कशाला. — बाटली का रुही? हा शब्द तुझा की तुझ्या सासूबाईंचा? ‘बाटली.’ अगं, माझ्या पोरीने पाण्यात डोकं बुडवलं, त्याला तुम्ही बाटणं म्हणता! हो, बुडवलं. ईस्टरला. त्यांच्या चर्चमध्ये मोठा हौद आहे, त्यात उतरली, आणि वर आली तेव्हा काठावर मीच उभी होते, टॉवेल घेऊन. तिने बोलावलं होतं, दुसऱ्या कोणाला नाही, मला. लहानपणी पोहून आली की जशी थरथरायची तशीच थरथरत होती, बाहेर बर्फ. मी केस पुसले. म्हटलं, डोकं नीट कोरडं कर, सर्दी होईल. का केलंस, ते विचारलं नाही. घरी येऊन दिवा लावला रोजच्यासारखा, तीही शेजारी उभी राहिली रोजच्यासारखी. माझा देव हलला नाही जागचा. रडले नाही असं नाही, गाडीत रडले — पण ते तुमच्यासाठी नाही सांगत, ते माझं आहे, आणि कोणाला म्हणून —

चाळणी थांबली.

अहो... ऐकलंत?

मी सांगणार होते. उद्यापन झालं की सांगणार होते. — काय? — तुम्हाला माहीत होतं? कसं? ...डिकीत. ईस्टरचा तो ओला टॉवेल डिकीतच राहिला होता. धुऊन कपाटात तुम्ही ठेवलात? मला वाटलं मीच धुतला. एवढे महिने तुम्ही... आणि मी इकडे... बरं. बरं बाई, रडत नाहीये मी. चाळा तुम्ही. पीठ नीट चाळा, चुरमा जास्त लागणार आहे.

ऐकलंस ना प्रीता, जास्त लागणार आहे. सोमवारी पाटावर मिशलीन आणि तिचा नवरा बसतील. त्याच चर्चमधली, मूळची हैतीची, धाकटी बहीण तिची त्या डबक्याच्या पाण्याने गेली. तिने मला विचारलं, तुमच्या देवाची प्रार्थना करावी लागेल का? म्हटलं, नाही गं, फक्त जेवावं लागेल. मी तिला हळदीकुंकू लावणार आहे, ‘चालेल’ म्हणाली. त्या टायवाल्या आजोबांनाही बोलावलंय, अनकम्फर्टेबल होऊन का होईना, जेवून जातील. दान पंपालाच जाणार. डोंगरात पाणी लागलं तरी उद्यापन होणार, नाही लागलं तरी होणार, आणि परत खारं लागलं तर परत सोळा धरीन, माझं काय जातं, मीठच ना! तुमचा पाट मांडलेला असेल, तुझा आणि श्रीरंगचा. तो मी उचलणार नाही. त्यावर बसायचं की नाही, ते तुम्ही झूमवर ठरवा.

नीघ आता, बर्फ सुरू होईल. नाही, रागाने नाही म्हणत, खरंच नीघ, मला बेलाची पानं निवडायचीत. — तो ग्लास राहू दे. हात नको लावूस. घोटभरसुद्धा प्यायली नाहीस ना? सिंकमध्ये नाही ओतायचं, आण इकडे. तुळशीला घालते मी.

दार ओढून घे.