न विचारता सांभाळणारा

टिंग... ओळ संपली की तिचा टाइपरायटर असा वाजायचा, आणि ती मान वर करायची, आणि समोर कोण, तर मी, पाकिटांना डिंक लावत बसलेला ऑफिसचा शिपाई. आता घरातल्या ह्या कॉम्प्युटरला टिंगच नाही, मग बायकोने मान वर करायची कधी, सांगा? तसं तुम्हाला सांगतो, मला कुणाचा हेवा वाटत नाही.

पण मध्ये एकदा वीज गेली. आली, तर हा पडद्यावर विचारतो, 'अपुरं राहिलेलं परत आणू का?' आणि आणलं की सगळं, शब्दन् शब्द. ही म्हणते, "बघा, न विचारता सांभाळून ठेवतो. नाहीतर तुम्ही, चष्मा कपाळावर आणि शोध घरभर." अहो, पण ऑफिसात कागद बिघडला की ही कुणाला विचारायची, "काय हो होतं शेवटचं वाक्य?" मला. टाइप करताना पुटपुटायची सवय तिला, आणि माझे कान तिकडेच. चौथी नापास माणूस, पण साहेबांची पत्रं घडाघडा म्हणायचो. लग्न काय उगाच जमलं? आणि आता माझी जागा ह्या खोक्याला... हेवा नाही हो, पण आपलं सांगतो.

म्हणून जावयांना गाठलं. ते म्हणाले, "बाबा, ही सोय बंद केली तर गेलेलं परत यायचं नाही." म्हटलं, "जावईबापू, बंद करा. मी आहे ना."

काल ही मन लावून लिहीत होती. हिची थोरली बहीण मध्यंतरी वारली; भाचीने म्हटलं होतं, "मावशी, आईचं लहानपण लिहून दे." दोन पानं झाली, आणि गेली वीज. मी मनात म्हटलं, आता बघ गंमत. वीज आली. पडदा कोरा, हा गप्प. आणि तुम्हाला सांगतो, किती वर्षांनी, हिने मान वर केली.

"अहो, काय होतं हो शेवटचं वाक्य?"

मी तोंड उघडलं... आणि तेव्हा कळलं, हिचं पुटपुटणं हल्ली मला ऐकूच येत नाही. कान कधी गेले, कुणी कळवलंच नाही. तरी धीर करून म्हटलं, "आपले पत्र मिळाले." तेवढंच पाठ होतं.

तिने आधी ह्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघेही सारखेच कोरे. आता हेवा तरी कुणी कुणाचा करायचा?

ती उठली, आणि आत गेली.