दोघांत एक कीबोर्ड

तुम्ही सगळ्या मला शांत समजता ना, मग हे ऐकाच. लग्न होऊन आम्ही नुकतेच बेंगळुरूला आलो होतो. ह्यांच्या बँकेत कॉम्प्युटर येणार होते. मला नोकरी हवी होती, आणि तीही आता कॉम्प्युटर येणाऱ्यालाच मिळत होती. म्हणून कोरमंगलाच्या एका क्लासला आम्ही दोघांनी नाव घातलं. चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत शिरायचं आणि दोघांत मिळून एक कॉम्प्युटर.

कीबोर्ड रोज ह्यांच्यापुढे. पंधरवडा झाला तरी माझं बोट एकाही बटणाला लागलं नव्हतं. सरांकडे तक्रार केली, तर ते हसून म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, मॅडम." म्हणजे, घ्या सांभाळून.

शेवटी मीच ह्यांना म्हटलं, "अहो, मला द्या ना जरा."

"तू बघ ना. बघून बघून येतं सगळं."

"असं? लग्न झाल्यापासून तुम्ही मला रोज पोळ्या लाटताना बघताय. आज रात्री तुम्ही लाटा."

मागच्या रांगेतल्या दोघी मराठी बायका खुदकन हसल्या. हे कानापर्यंत लाल झाले आणि मुकाट्याने खुर्ची सोडून उठले. मी बसले. एकेक अक्षर शोधत नोकरीचा अर्ज टाइप करायला घेतला. तास संपला, पुढच्या बॅचची माणसं दारात येऊन उभी राहिली.

"ऊठ आता," हे कुजबुजले. "लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत," मी मान वर न करता म्हटलं. "माझं अजून आडनाव व्हायचंय."