चोराला पडवीत बसवते

अरे, गावाला शेजारच्या घरी चोरी झाली, तर मी इथून आखातातल्या मत्रहच्या दुकानातून फोनवर बायकोला शहाणपण शिकवायला गेलो.

म्हटलं, "झुबेदा, रानडुकरांसाठी घेतलेली बंदूक आहे ना, त्यात बारीक छर्ऱ्याचं काडतूस भरून ठेव. मोठ्या छर्ऱ्याने चोर मेला, तर आत जावं लागेल."

ती म्हणाली, "लायसन कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग मी बारीक उडवला काय आणि मोठा उडवला काय, आत मीच जाणार. उद्या बंदूक पोलीस ठाण्यात जमा. तुमच्या तिकडच्या अरबी भाषेत, खलास!"

"अगं, पण चोर आला तर?"

"पडवीत बसवते, चहा देते. तुम्ही ईदला येणार ना इन्शाल्ला? तेव्हा तुम्हीच मारा."